काकांच्या नळीची दोन भोके

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे मी तुला पत्र लिहिले नाही. त्याला कामाचा व्याप कारण नव्हता. तुझ्या शेवटच्या पत्रात तू एका ओळीत विचारले होतेस, की काकांची बंदूक आता कशी चालते. त्या ओळीला खरे उत्तर द्यायचे तर अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आधी सांगावी लागली असती, आणि ती सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. गेल्या आठवड्यात जे घडले त्यानंतर मात्र गप्प राहणे मला शक्य नाही, आणि ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला कळणारही नाही.

प्रकृती ठीक आहे. उजवा खांदा अधूनमधून दुखतो, म्हणून ३२ ग्रॅमची काडतुसे सोडून मी २४ ग्रॅमवर आलो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमच असते, तेव्हा त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

अडचण तिथूनच सुरू झाली. आठ वर्षांपूर्वी घेतलेली माझी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे नळीतला थोडा गॅस बारीक भोकांतून घेऊन त्याच्या जोरावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, ३२ ग्रॅमवर कधी अडली नव्हती. २४ ग्रॅमची पंचवीस काडतुसे उडवली, तर नऊ वेळा अडली. कधी रिकामी पुंगळी बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागे मिटणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, तोंडात उभी अडकायची, कधी पुंगळी बाहेर पडायची पण पुढचे काडतूस वर यायचे नाही, आणि शेवटच्या काडतुसानंतर बोल्ट मागे अडकून उघडा राहायला हवा तो दर वेळी मिटलेला असायचा. बाहेर पडलेल्या पुंगळ्यासुद्धा माझ्या बुटांपाशीच पडत होत्या. बोल्ट पूर्ण मागे जात नाही हे उघड होते. मैदानावरच्या मंडळींनी दोन उपाय सुचवले: एकाने स्प्रिंगचे दोन वेढे कापायला सांगितले, आणि दुसऱ्याने गॅसची भोके मोठी करायला. स्प्रिंग कापली तर बोल्ट मागे जाईल, पण परत येताना पुरता मिटेल याची शाश्वती काय, हे मी त्याला विचारले आणि तो विषय तिथेच मिटवला. दुसऱ्या उपायावर मी काहीच बोललो नाही. माझ्या गप्प राहण्याचे कारण तुला पुढे कळेल.

त्या रात्री मी टेबलावर बंदूक उघडली. शेजारी बारीक बिटांची डबी होती आणि हातातले छोटे ड्रिलही होते. मी नळीखालच्या गॅसच्या कड्यात दिवा धरून भोकांकडे बराच वेळ पाहत राहिलो, आणि तुझे वाक्य कानात आले: भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही, म्हणून ते सगळ्यांत शेवटी. मी डबी बंद करून ठेवली आणि तुझ्या क्रमाने निघालो.

आधी भोके. त्यांत काजळी घट्ट बसली होती. विद्रावक लावून, रात्रभर ठेवून, भोकाहून बारीक तांब्याच्या तारेने ती मोकळी केली, कडा कुठे खरवडली जाणार नाही याची काळजी घेत. मग गॅसने मागे रेटला जाऊन बोल्टला ढकलणारा दट्ट्या, त्याची कडी आणि मॅगझिन ट्यूबच्या, म्हणजे नळीखाली काडतुसे राहतात त्या नळीच्या, खाचेत बसणारी रबरी रिंग. रिंग वरून धडधाकट दिसत होती, पण ताणून पाहिली तेव्हा तिला केसासारखी चीर निघाली. त्या चिरेतून किती गॅस निसटत असेल याचा विचार कर. छर्रे भोकावरून पुढे गेल्यापासून नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत जेमतेम एक-दीड सहस्रांश सेकंद मिळतो, आणि दट्ट्याला मागे रेटायचा मुख्य जोर त्याच अवधीत मिळवायचा असतो. त्यात २४ ग्रॅमचा भार हलका, म्हणजे दारूला अडवणारे वजन कमी, आणि भोकापाशी पोहोचेपर्यंत दाब आधीच उतरलेला. काडतूस बसते त्या चेंबरमधला दाब कितीही असो, बंदुकीला भोकापाशी उरलेल्या दाबावरच जगायचे असते. काका हे समजावताना म्हणायचे, की घरात किती पैसा आला ते विचारू नका, महिनाअखेरीस किती उरला ते सांगा.

नवी रिंग बसवून पुन्हा पंचवीस काडतुसे उडवली. अडथळे नवावरून चारावर आले. ते मला पुरेसे वाटले असते, पण तू तिथे असतास तर हसला असतास आणि म्हणाला असतास, की चार म्हणजे शून्य नव्हे.

मॅगझिन ट्यूबला तेल लावावे की ती कोरडी ठेवावी, यावर आपण किती संध्याकाळी घालवल्या ते आठवते का? मी भरपूर तेलाच्या बाजूचा, तू फडक्याने पुसून कोरडी ठेवणारा, आणि तुझ्या त्या जुन्या दातांच्या ब्रशाने दट्ट्या घासत बसलास की काका म्हणायचे, याचे दात पडतील पण दट्ट्या चमकत राहील. एकदा तर मैदानावरून परतताना तासभर आपण त्याच मुद्द्यावर भांडलो आणि शेवटचे अर्धे अंतर एकमेकांशी न बोलता चाललो. या भांडणाचा निकाल गेल्या आठवड्यात लागला आहे. तो असा लागेल असे मला वाटले नव्हते.

तुझ्या क्रमातली शेवटची पायरी मी आयुष्यात कधी केली नव्हती: दस्ता काढून बोल्टची स्प्रिंग जिच्यात बसते ती नळी उघडणे. दस्ता काढला, स्प्रिंग ओढली, आणि ती आली ती काळ्या, डिंकासारख्या लगद्यात बुडालेली. आठ वर्षे मी बंदूक कपाटात तोंड वर करून उभी ठेवत आलो आहे. पुढे ओतलेले सगळे तेल हळूहळू मागे उतरले, वाटेतली काजळी आणि दारूचा चुरा बरोबर घेऊन त्या नळीत साचले आणि तिथे घट्ट झाले. बोल्टला मागे जाताना स्प्रिंगशीच नव्हे, त्या डिंकाशीही झुंजावे लागत होते. ३२ ग्रॅमचा जोर ते ओझे ओढून नेत होता, २४ ग्रॅमचा पुरत नव्हता. गॅस कमी पडतो असे मी समजत होतो. गॅस पुरेसा होता, त्याच्यावर लादलेले काम जास्त होते.

नळी धुतली, स्प्रिंग स्वच्छ केली, तेलाचे बोट फिरवून लगेच पुसून घेतले. मग पंचवीस काडतुसांत एकही अडथळा नाही. आणखी पंचवीस, तरीही नाही. पुंगळ्या आता चार पावलांवर, एका ओळीत पडतात.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे पत्र आहे.

काकांची बंदूक हलक्या काडतुसांवर अडू लागली होती तो पावसाळा तुला आठवत असेल. तू म्हणालास, आधी साफ करू, रिंग बदलू, मागची नळी उघडू. मी म्हणालो, भोके लहान आहेत, ही नळी जड काडतुसांसाठीची असणार. तू नळीवर कोरलेले ७० दाखवलेस, म्हणजे चेंबरची मिलिमीटरमधली लांबी. ७६ मिलिमीटरच्या चेंबरची नळी असेल तर भोके मुद्दाम लहान ठेवतात, कारण जड काडतुसाचा गॅस मुळातच जास्त असतो. ही ७० ची आहे, म्हणजे भोके साध्या काडतुसाच्या मापाचीच आहेत, असे तू शांतपणे सांगितलेस. तुझे म्हणणे बिनचूक होते. मला ते त्या क्षणी कळलेही होते, पण काकांच्या समोर हरायचे नव्हते. पुढच्या रविवारी तू नव्हतास तेव्हा मी दोन्ही भोकांतून २.४ मिलिमीटरचे बिट फिरवले. कुणाला सांगितले नाही. काकांनाही नाही.

बंदूक धावू लागली. हलके काडतूस, जड काडतूस, काहीही घाला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी म्हणालो, नीट साफ केली एवढेच. तू काही बोलला नाहीस. वर्षभराने काका ३६ ग्रॅमची काडतुसे घेऊन जाऊ लागले, पुंगळ्या दहा-दहा पावलांवर उडू लागल्या, बोल्ट मागच्या भिंतीवर प्रत्येक वेळी हातोड्यासारखा आदळू लागला, आणि एके दिवशी दट्ट्याचा जोर बोल्टपर्यंत नेणाऱ्या ॲक्शन बारचा सांधा तडकला. तेव्हा तू मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारलास: भोकांना हात लावलास का? मी नाही म्हणालो. तू पुन्हा विचारले नाहीस. तो बार बदलण्याचा खर्च काकांनी केला आणि बंदूक जुनी झाली असे म्हणून तिला आराम दिला.

मूळ भोके २ मिलिमीटरची होती असे मला आठवते. तसे असेल तर ०.४ मिलिमीटर हा आकडा नखाएवढाही वाटत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, आणि २ चे २.४ झाले म्हणजे वाट ४४ टक्क्यांनी रुंद झाली. हे गणित मी त्या रविवारी केले नव्हते. गेल्या आठवड्यात केले.

माझी बंदूक पूर्ववत झाल्यावर मला झोप आली नाही. काका गेल्यावर त्यांची बंदूक माझ्या परवान्यावर आली, तेव्हापासून ती पिशवीतून मी फारशी काढली नव्हती. पहाटे ती बाहेर काढली आणि दस्ता उघडला. मित्रा, त्या नळीतही तोच काळा डिंक होता, खाली गंजाचा थर, आणि स्प्रिंगचे मागचे चार वेढे एकमेकांना चिकटलेले. अकरा वर्षांपूर्वी तू सांगितलेली शेवटची पायरी कुणी केलीच नव्हती. ती केली असती तर त्या भोकांना हात लावायचे कारणच नव्हते, बार तडकला नसता, आणि काकांनी आपली आवडती बंदूक शेवटची काही वर्षे भिंतीला टेकवून ठेवली नसती. त्यांना ती जुनी झाल्याचे वाईट वाटत असे. ते माझ्यासमोरच बोलून दाखवत.

त्यांच्याच तोंडून मी १९५६ सालच्या रेमिंग्टन ५८ या बंदुकीची गोष्ट ऐकली होती, मॅगझिनचे टोपण फिरवून काडतूस हलके की जड ते निवडायची सोय असलेली. आणि त्याआधीच्या ब्राउनिंग ऑटो-५ मधल्या घर्षणाच्या कडीची, जी गॅसवर नाही, नळीच्या धक्क्यावर चालते, पण काडतूस बदलले की कडीची जागा बदलावी लागते. आता बऱ्याच बंदुकांत जास्तीचा गॅस सोडून देणारी झडप असते आणि नेमबाजाला काही ठरवावे लागत नाही. काकांच्या बंदुकीत ती झडप नाही. तिच्यात ठरवणारी वस्तू एकच होती, ती दोन भोके, आणि ज्याने ती बनवली त्याने विचार करून बनवली होती.

ती मागची नळी धुतल्यावर मी काकांच्या बंदुकीतून २४ ग्रॅमची पाच काडतुसे उडवून पाहिली. पुंगळ्या सात-आठ पावलांवर पडल्या. म्हणजे मागचा डिंक गेल्यावर ती सर्वांत हलक्या काडतुसावरही जास्त जोराने आदळते आहे. सहावे काडतूस मी घातले नाही.

आता तुझे मत हवे आहे. एक मार्ग असा की दोनपैकी एक भोक जाणकार कारागिराकडून बुजवून घ्यावे. २.४ चे एक भोक म्हणजे मूळच्या दोन भोकांच्या सुमारे ७२ टक्के वाट. स्वच्छ बंदुकीला २४ ग्रॅमवर ती पुरेल की नाही हे सांगता येत नाही, आणि वेल्डिंगची आच नळीला द्यायला माझे मन घेत नाही. दुसरा मार्ग, त्याच मापाची ७० ची नळी शोधायची आणि ही जपून ठेवायची. मला दुसरा बरा वाटतो. पण काकांनी जिच्यातून आयुष्यभर निशाणे साधली ती नळी ही आहे, आणि तिला बाजूला ठेवण्याचा निर्णय मी एकट्याने घेऊ नये. मागच्या वेळी एकट्याने घेतला होता.

तुझी बदली झाली असे दादाकडून कळले. नवी जागा कशी आहे? लेकीची परीक्षा चांगली गेली असेल. गुडघ्याचे काय झाले तेही कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझ्या निळ्या वहीत त्या भोकांचे मूळ माप असणार. बंदूक अडू लागली त्या पावसाळ्यात, मी भोकांना हात लावण्याआधी, तू ते तारांनी मोजून लिहून घेतले होतेस, मी पाहिले होते. बार तडकल्यावर तू पुन्हा मोजले असतेस तर तुला सगळे कळले असते, आणि मला वाटते तू मोजले होतेस. तो आकडा मला कळव. मोजले असशील तर तेही कळव.

दोन्ही बंदुका आता कपाटात तोंड खाली करून उभ्या आहेत, तू ठेवायचास तशा.

तुझा,
जुना मित्र