ओक फ्लॅट गेलं तर बेळगावला काय फरक पडतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या अॅरिझोनात, फिनिक्सपासून साधारण शंभर किलोमीटरवर ओक फ्लॅट म्हणून एक पठार आहे. वाळवंटी मुलूख, काटेरी झुडपं, मध्येमध्ये ओकची झाडं आणि जिकडे बघाल तिकडे ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला कातळ. क्लायंबिंग करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही जागा व्हिडिओ बघून बघून पाठ झालीय, एकेकाळी बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय छोट्या कातळांवर चढायची, जगातली एक मोठी स्पर्धा तिथंच भरायची. या पठाराखाली जवळपास सात हजार फुटांवर तांबं आहे आणि ते काढायला रिझोल्यूशन कॉपर ही कंपनी कित्येक वर्षं मागे लागलीय, तिच्यात रिओ टिंटोचा 55 टक्के आणि बीएचपीचा 45 टक्के वाटा, दोन्ही खाणधंद्यातल्या बड्या कंपन्या. परवा क्लबात हा विषय काढला तर दोघातिघांनी विचारलं, तिकडचा दगड गेला तर बेळगावला काय फरक पडतो? म्हणून हे पत्र.

तिथं वरून खणणार नाहीत. विहिरीसारखा खोल शाफ्ट मारून तांब्याच्या थराच्या खाली जायचं, तिथं सुरुंग लावून खालचा आधार काढायचा, मग वरचा दगड स्वतःच्याच वजनानं फुटून खाली येत राहतो आणि तो उपसायचा. याला ब्लॉक केव्हिंग म्हणतात. असं वर्षानुवर्षं केल्यावर वरची जमीन खचणारच की. तिथल्या सरकारी अहवालातच लिहिलंय की जवळजवळ तीन किलोमीटर रुंद आणि हजारेक फूट खोल खड्डा पडेल. किल्ल्यापासून शहापूरपर्यंतचं बेळगाव डोळ्यासमोर आणून बघा. खणत जायचं आणि मागची पोकळी भरत यायचं अशीही पद्धत आहे, खरं ती महाग पडते म्हणून बाजूला ठेवली.

आणि ही जागा काही बेवारस नव्हती. 1955 साली आयसेनहॉवर अध्यक्ष असताना ओक फ्लॅटमध्ये खाण करायची नाही असा सरकारी आदेश निघाला होता, 1971 मध्ये निक्सनच्या काळात तो पुन्हा कायम केला. मग डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या संसदेत लष्कराच्या खर्चाचं बिल, म्हणजे विधेयक, आलं, त्या जाडजूड बिलात जमिनीच्या अदलाबदलीचं एक कलम घुसवलं आणि 2,422 एकर कंपनीला द्यायचा रस्ता मोकळा झाला. खाणीचा आणि लष्कराच्या बजेटचा काय संबंध हो? स्वतंत्र बिल म्हणून आणलं तेव्हा ते पास होत नव्हतं, म्हणून हा मार्ग.

अपाची या तिथल्या आदिवासी लोकांसाठी तर ते देवस्थान आहे. वयात आलेल्या मुलींचा विधी तिथं होतो, तिथल्या ओकची फळं ते अजून गोळा करतात. ते कोर्टात गेले, वरपर्यंत गेले, आणि 27 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं त्यांची केस ऐकायलाच नकार दिला, दोन न्यायाधीशांनी विरोध नोंदवला तरी. रिओ टिंटोनंच मे 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात जुकान गॉर्ज इथं 46 हजार वर्षांपासून माणसाच्या वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगानं उडवल्या होत्या, तेही रीतसर परवानगी घेऊन. नंतर माफी मागितली, सीईओला जावं लागलं, खरं गुहा गेल्या त्या गेल्याच.

मला जास्त लागलं ते क्लायंबर लोकांचं. तिथल्या एका स्थानिक गटानं कंपनीशी करार केला, इथला दगड जाईल तर जाईल, दुसरीकडे चढायला मिळेल असा हिशोब. त्यांची देशपातळीवरची संघटना अॅक्सेस फंड मात्र 2021 मध्ये आदिवासी आणि पर्यावरणवाल्यांच्या बरोबरीनं केसमध्ये उतरली. मला हे दुसरं बरोबर वाटतं. ज्यांचा देव त्या दगडात आहे त्यांना सोडून आपण वेगळ्या टेबलावर बसलो की दोघांचीही ताकद जाते.

तांबं नको असं मी म्हणत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपवर आपल्यातल्या किती घरांची चूल पेटते ते मला माहीत आहे, मोटर, वायर, पंप सगळ्याला तांबं लागतं. खरं कुठून काढायचं आणि कसं काढायचं हे तिथं राहणाऱ्याला विचारून ठरायला पाहिजे.

आता इकडचं. आमच्या सरावाचा एक कातळ आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात गेलो तर कडेनं एका ओळीत, वीत-वीत अंतरावर ड्रिलची भोकं, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पांढरी पूड अजून तशीच, आणि तिथून दहा पावलांवर शेंदूर फासलेला भैरोबा. शेजारच्या शेतातल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "आमास्नी कोण इचारतंय बाळ." आमच्यातले काही जण लगेच म्हणाले, जाऊ दे, आपण बदामीला जाऊ. बदामीचा वालुकाश्म उत्तमच आहे, खरं आजोबांनी भैरोबा घेऊन कुठल्या बदामीला जायचं?

आपल्या देशात नियमगिरी डोंगराचं उदाहरण आहे. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि ओडिशातल्या त्या बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हणून सांगितलं, खाण थांबली. तिथं वनहक्क कायदा लागू होता, आपल्या प्रत्येक दगडाला तो लागणार नाही हे मान्य. तरी ग्रामसभेचा ठराव, सर्व्हे नंबर, देवाच्या जत्रेचे फोटो आणि इथं पोरं चढाईचा सराव करतात अशी लेखी नोंद, एवढं तहसीलदार, वन खातं आणि खाण व भूविज्ञान खातं यांच्या फाइलीत आधीपासून पडलेलं असलं तर क्वारीचा, म्हणजे दगडखाणीचा, अर्ज आला त्या दिवशी आक्षेपाला काहीतरी आधार राहतो. आत्ता कागदावर तो कातळ म्हणजे नुसता पडीक.

आणि एक, अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागला तर कन्नडमध्ये द्या. मराठीत कागद मागायचा आपला हक्क आहे, तो लढा सोडायचा नाही, खरं भाषेवरून फाइल अडकली तर तेवढ्यात क्रशर सुरू होतो. कन्नड बोलणारे क्लायंबर मित्रही आहेत आपले, गोकाक-बदामीकडचे, त्यांना बरोबर घ्या.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या ट्रेकिंग-क्लायंबिंगच्या सगळ्या मंडळांना माझी विनंती आहे, आपापल्या सरावाच्या जागांची यादी करा आणि येत्या ग्रामसभेला गावकऱ्यांबरोबर जाऊन बसा. आमच्या क्लबचा अर्ज तयार आहे, नमुना पाहिजे असेल त्यांना देऊ.

आपला,
एक क्लायंबर वाचक, टिळकवाडी, बेळगाव