नाणे आधी मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. दहावीच्या गणित भाग १ मधले पाचवे प्रकरण, ‘संभाव्यता’, हा त्याचा विषय.

काही वर्षांपूर्वी हे प्रकरण शिकवताना मी फळ्यावर लिहिले, ‘छापा येण्याची संभाव्यता १/२’. मागच्या बाकावरच्या एका मुलीने घरी रुपयाचे नाणे दहा वेळा उडवून पाहिले होते. तिला सात छापे आले. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “मॅडम, मग पुस्तक चुकलं की माझं नाणं चुकलं?” मी म्हणाले, “असं होतं कधी कधी, तू सूत्र लक्षात ठेव.” त्या उत्तराची मला आजही खंत वाटते. त्या वर्षी संभाव्यतेचा सगळ्यात चांगला प्रश्न तिने विचारला होता आणि मी तो मिटवून टाकला.

तिला द्यायला हवे होते ते उत्तर अवघड नाही. दहा वेळा नाणे उडवले तर छापा-काट्याचे एकूण १०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी नेमके पाच छापे असलेले क्रम फक्त २५२, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. सात किंवा त्याहून जास्त छापे असलेले १७६. पन्नास मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले तर सरासरी आठ-नऊ जणांना सात किंवा अधिक छापे येतील. तिचे नाणे चुकले नव्हते, पुस्तकही चुकले नव्हते. एका बाजूला शक्यता मोजून काढलेली संभाव्यता असते, दुसऱ्या बाजूला प्रयोग करून मिळालेली. फेकी थोड्या असतील तर या दोन्हींत अंतर पडतेच.

आपण मात्र मुलांना पहिलीच तेवढी देतो. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती (प्रयोगातून येऊ शकणारा निकाल), नमुना अवकाश (अशा सगळ्या निकालांची यादी), घटना या व्याख्या, मग भागाकार. फासा, बावन्न पत्ते, पिशवीतले चेंडू, सगळे कागदावर. प्रकरण संपते आणि वर्गात एकदाही फासा पडलेला नसतो. मुलांना गुण मिळतात, पण १/२ म्हणजे नेमके काय हे त्यांच्या हाताला कळत नाही.

आता मी पहिल्या तासाला सूत्र सांगत नाही. प्रत्येकाने नाणे वीस वेळा उडवायचे आणि वहीत खुणा करायच्या. मग बाकाची बेरीज, रांगेची बेरीज, वर्गाची बेरीज फळ्यावर. एकेकाचे आकडे वेडेवाकडे असतात, वर्गाचा आकडा निम्म्याजवळ सरकत जातो. हजार फेकी झाल्या की छापे ४७० ते ५३० च्या दरम्यान येण्याची संभाव्यता ९५ टक्क्यांच्या जवळपास असते. १७१३ साली, मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांनी हेच सिद्ध केले होते. मुलांना सिद्धता नको, फळ्यावरचा तो आकडा सरकताना दिसला पाहिजे.

इथे एका गैरसमजाकडे लक्ष द्यावे लागते. सलग पाच छापे आले की वर्गातून हमखास आवाज येतो, “मॅडम, आते ते काटाच येई!” नाण्याला मागचे काही आठवत नसते, सहाव्या वेळीही १/२ च. “मग शेवटी बरोबरी कशी होते?” असे मुले विचारतात, तेव्हा मी जॉन केरिच यांची गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि हे गणिती तिथे नजरकैदेत अडकले. त्या काळात त्यांनी नाणे दहा हजार वेळा उडवून नोंदी ठेवल्या. छापे आले ५०६७, काटे ४९३३. फरक १३४ चा, म्हणजे बरोबरी झालीच नाही. पण प्रमाण ५०.६७ टक्के. मागची तूट कोणी भरून देत नाही, ती पुढच्या हजारो फेकींत नगण्य होत जाते, एवढेच.

हे मी इतके आग्रहाने का सांगते, ते खान्देशातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आखाजी नुकतीच झाली. मुली झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि पारावर पत्त्यांचे डाव रंगतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. सणापुरत्या डावाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण २०२५ च्या कायद्याने बंदी येईपर्यंत तोच डाव मोबाइलवर बाराही महिने चालायचा आणि माझे माजी विद्यार्थी “इतक्यांदा हरलो, आता लागणारच” म्हणत त्यात पैसे घालायचे. त्यांतल्या काहींना मीच संभाव्यतेत पैकीच्या पैकी गुण दिले होते.

दुसरा प्रयोग दोन नाण्यांचा. आधी अंदाज विचारायचा. बरीच मुले म्हणतात, दोन छापे, दोन काटे, एक-एक. तीन शक्यता, म्हणून प्रत्येकी १/३. त्यांना हसू नये. १७५४ साली दालांबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाचीही दोन फेकींच्या शक्यता मोजताना अशीच चूक झाली होती. मुलांनी नाणी उडवली की ‘एक-एक’ निम्म्या वेळा येते आणि तीच विचारतात, असे का? मग ‘छापा-काटा’ आणि ‘काटा-छापा’ या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत हे सांगायला मला फक्त खडू उचलावा लागतो.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात प्रिय आहे, कारण त्यात सूत्र हात टेकते. चिंचोका फोडून अर्धा करा. एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर तपकिरी. पटावरच्या खेळात फाशाऐवजी हेच टाकतात. पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता किती? बाजू दोनच, म्हणून १/२? नाही. या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत. टाकून, मोजूनच उत्तर काढावे लागते आणि प्रत्येक चिंचोक्याचे उत्तर वेगळे.

शेतकऱ्याच्या मुलाला हे लगेच पटते. पेरणीआधी घरचे सोयाबीन तपासताना आपण ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर उगवले तर बियाणे पेरायला योग्य, कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. ही प्रयोगातून काढलेली संभाव्यताच आहे. त्याच पोत्यातले दुसरे शंभर दाणे घेतले तर ६४ किंवा ७६ ही येऊ शकतात, म्हणूनच बीज परीक्षण प्रयोगशाळेत चारशे दाणे तपासतात. वडिलांच्या गोणपाटाचा आणि वर्गातल्या फळ्याचा संबंध मुलांना कळतो, तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेही बोलू लागतात.

मोजणीची परंपरा तर आपल्या दाराशी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात सहा रसांची, म्हणजे चवींची, किती मिश्रणे होतील, असा हिशेब आहे. एकेक रस ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०, असे करत एकूण ६३. नमुना अवकाश काळजीपूर्वक मोजायचा तो असाच. शाळांच्या सहली पाटणादेवीला जातात, देवीचे दर्शन होते, धबधबा पाहून होतो. तिथल्या झाडाखाली बसून हे ६३ मोजायला अर्धा तास पुरेल.

माझी विनंती मुख्याध्यापकांना आणि गणिताच्या सहकाऱ्यांना आहे. या प्रकरणाचे पहिले दोन तास प्रयोगाला द्या. अभ्यासक्रम पुरा होत नाही ही अडचण मी दरवर्षी सोसते, पण हाताने केलेल्याला नंतर उजळणी कमी लागते, असा माझा अनुभव आहे. गणिताच्या शंभरपैकी वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यातल्या गृहपाठात मुलांच्या नोंदींच्या वहीला जागा द्यावी. खर्च काहीच नाही, नाणे आणि चिंचोके घरोघरी आहेत.

यंदा मी हे प्रकरण येण्याची वाट पाहणार नाही. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, पेरण्या तोंडावर असताना, मुलांना घरून शंभर-शंभर दाणे आणायला सांगणार आहे. गोणपाट मी आणीन.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका
अमळनेर तालुका, जि. जळगाव