काठावर कोण बसणार?

दांडिया बाजार, बडोदे
4 डिसेंबर

प्रिय बाळ्या,

तुझं दिवाळीचं पत्र अजून टेबलावर पडून आहे. उत्तर आज लिहितोय, तेही तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही असं काही झालं म्हणून. माईंचे गुडघे तसेच, माझी साखर आटोक्यात, घरचे सगळे मजेत. आता मुद्द्याचं.

मगरी वाचवणाऱ्या आपल्याच गटातल्या एका पोराने पकडलेल्या मगरीच्या पाठीवर बसून फोटो काढला आणि गावभर फिरवला. नाव लिहीत नाही, तू ओळखशील. आठेक फुटी जनावर, तोंडाला टेप, डोळ्यांवर साधं फडकंसुद्धा नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावणंही गुन्हा, हे ह्या पोरांना पाठ आहे. तरीही. फोटोखाली रांग लागली आहे: आम्हालाही शिकवा, आम्हालाही घ्या. जानेवारीच्या मगरींच्या गणतीसाठी नावं मागितली, तेव्हा मात्र बोटांवर मोजण्याइतकी आली.

अण्णांच्या गच्चीवरचं आपलं भांडण आठवतं ना? तू म्हणायचास, पोरं थरारासाठी येतात आणि कामासाठी राहतात. मी म्हणायचो, थरारासाठी आलेला थरारासाठीच राहतो. अण्णा मध्ये पडले नसते तर शेव-उसळीची वाटी तू माझ्या अंगावर रिकामी केली असतीस. मी आजही माझ्याच बाजूने आहे, फक्त आता मला भांडण नको, उपाय हवा आहे.

पकडणं मी हलकं मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. कौशल्याचं काम आहे ते. जबडा मिटणारे स्नायू अफाट, उघडणारे इतके दुबळे की टेपचे चार वेढे पुरतात. नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, टेपचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे सोडताना एका हिसक्यात निघतं. आधी ओलं पोतं डोळ्यांवर, की निम्मी झटापट तिथेच थांबते. पण पोरांना नेमकी झटापटच हवी असते, आणि मगर त्यानेच मरते. जोराची हालचाल ती प्राणवायूविना करते, रक्तात आम्ल साठत जातं, आणि मोठं जनावर दोरावर फार वेळ खेचलं तर सोडल्यानंतर काही तासांनीही दगावू शकतं. थकलेली मगर खोल पाण्यात ढकलायची नसते. काठावर डोकं पाण्याबाहेर राहील अशी ठेवायची आणि तिची ती सरकेपर्यंत थांबायचं. हे थांबणं कुठल्याच फोटोत येत नाही.

आणि पकडून न्यायची कुठे? ‘लांब सोडा’ असं प्रत्येक सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावून दूर सोडलं होतं. 2007 साली त्याचे निष्कर्ष आले. एक जण 400 किलोमीटरांहून जास्त अंतर वीसेक दिवसांत पोहत आपल्या जागी परत आला. आपली मगर दुसऱ्या जातीची, पण घर ओळखण्यात तीही कच्ची नाही. लांब सोडलेली मगर एकतर परत निघते आणि वाटेत रस्ते ओलांडते, नाहीतर दुसऱ्या मगरीच्या हद्दीत मार खाते. म्हणून त्याच रात्री, नदीच्या त्याच पट्ट्यात. दुसरा नियम नाही.

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात तीन दिवसांत वस्त्यांमधून 24 मगरी पकडल्या गेल्या. तेव्हापासून शहराच्या डोक्यात मगर म्हणजे दारात येणारं संकट असं बसलं आहे. ती का येते हे कुणी विचारत नाही. भर पात्रातला लोंढा तिलाही झेपत नाही, ती संथ पाणी शोधत कडेला सरकते आणि भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस अशा नाल्यांच्या वाटांनी आत शिरते. पाणी उतरलं की मागे राहते. वाट मोकळी असेल तर बहुतेक मगरी रात्रीत आपल्या आपण परततात. अंगणात मगर दिसली तर निम्म्या वेळा काम एवढंच असतं: कुत्री आणि माणसं लांब ठेवायची, दिवे मालवायचे, नदीकडची बाजू उघडी सोडायची. हे शिकायला मात्र रांग लागत नाही.

खरी काळजी पुढे आहे, बाळ्या. फेब्रुवारीत माद्या काठ उकरायला लागतील. 2025मध्ये नदी खोल आणि रुंद करण्याचं काम मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चाललं, म्हणजे नेमके अंड्यांचे दिवस. मादीला पुराच्या पाण्याच्या वर, मऊ मातीचा, झाडाच्या आडोशाचा उभा काठ लागतो. त्यात ती हातभर खोल खड्डा करते आणि पंचवीस-तीस अंडी घालते. उतार तासून सपाट केला तर पहिल्याच पावसात घरटं बुडतं. दगड बसवले तर ती उकरूच शकत नाही. बिळांचंही तेच. भर उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत ती बराच वेळ बिळात असते, तोंड बुजवलं की आतली मगर आतच. मऊ पाठीची कासवंही ह्याच काठांवर अंडी घालतात, त्यांची तर कुणी चौकशीही करत नाही.

म्हणून मला फेब्रुवारी ते जून काठावर बसणारी माणसं हवीत. काम रुक्ष आहे. ताज्या मातीचा ढीग, पोटाची घसरण, मधोमध शेपटीची रेघ हे शोधायचं. अंडी घालण्याआधी मादी दोन-चार ठिकाणी नुसतंच उकरून बघते, त्यामुळे प्रत्येक खड्डा घरटं नसतो. जागा वहीत टिपायची आणि निघून यायचं. काठी रोवायची नाही, झेंडी लावायची नाही, कारण झेंडी बघून आधी माणूस येतो, मग कुत्रा. घोरपडी आणि मुंगसं तर तशीही टपलेलीच असतात. उकरायचं तर अजिबात नाही. पहिल्या दिवसानंतर गर्भ अंड्याच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं फिरलं की तो मरतो. यंत्राच्या तोंडातून घरटं हलवायचीच वेळ आली तर वनखात्याच्या देखरेखीत, प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून, त्याच क्रमाने त्याच खोलीवर पुन्हा पुरायचं. खोली बदलली की ऊब बदलते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या उबेवर ठरतं. 31 अंशांच्या आसपास सगळ्या माद्या, दीड-दोन अंशांनी वर नर. एवढं नाजूक गणित जेसीबीच्या बकेटखाली आहे!

दुसरं काम वस्तीतलं. शाळेच्या सभागृहात स्लाइड दाखवून काही होत नाही, हे तुझंच म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं. पाण्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना गाठायचं: म्हशी उतरवणारे, गळ टाकणारे, धुणं नेणाऱ्या बायका. तेही त्यांच्या वेळेला आणि गुजरातीत. सांगायचं फार थोडं: पाण्याच्या कडेला उकिडवं बसू नका, वाकून भांडं बुडवण्यापेक्षा दोरीची बादली वापरा, तिन्हीसांजेनंतर काठावर नको, कुत्रं सोबत नको. माणूस उभा असला की मगरीला मोठा वाटतो, उकिडवा बसला की बकरीएवढा होतो. चिकनच्या दुकानांचं काम वेगळं. दुकान बंद करताना पिसं-आतडी पुलावरून पाण्यात जातात आणि मगर त्या जागेला सोकावते. तिथे दिवसा पत्रक वाटून उपयोग नाही, रात्री शटर पडायच्या वेळी उभं राहावं लागतं.

आणंद-खेडा पट्ट्यातल्या चरोतरात हे साधलंय. मलातज, देवा, त्राज, हेरंजच्या तलावांत मगरी आणि माणसं एकाच काठावर असतात. खोडियार मातेचं वाहन म्हणून तिला कुणी दगड मारत नाही. वल्लभ विद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी 2013पासून तिथे गणती करते आणि देशभरातून माणसं स्वखर्चाने मगरी मोजायला येतात. मोजायला, पकडायला नव्हे! म्हणजे अशी माणसं असतात. खोडियारची देरी, म्हणजे छोटं देऊळ, बडोद्यातही गल्लोगल्ली आहे, तिथल्या बायकांशी आपण कधी बोललोच नाही.

आता माझा विचार ऐक. ज्याला पकडण्याचं शिक्षण हवं, त्याने आधी एक पूर्ण हंगाम काठावर काढायचा: जानेवारीची गणती, मग घरटी, मग जूनमध्ये पिल्लं. वही दाखवल्याशिवाय दोराला हात नाही. वहिनी म्हणेल, पोरं पळून जातील. पळू देत. पण तुझं मत मला हवं आहे, कारण पोरांना बांधून ठेवण्याची हातोटी तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नुसती शिस्त.

गणती सकाळीच ठेवतोय. पश्चिमेच्या काठावर ऊन आधी पडतं, तिथे मगरी आधी चढतात, म्हणून मोजणारे पूर्वेच्या काठावर आणि पुलांवर, दोघांची जोडी, सगळीकडे एकाच घटकेला. नाहीतर एकच मगर दोन वह्यांत जाते. लांबीसाठी डोक्याची सातपट हाच हिशोब, आणि नुसते डोळे दिसले तर ‘फक्त डोळे’ असंच लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. तू मात्र प्रत्येक मगर दहा फुटी लिहायचास, ते ह्या वेळी चालणार नाही.

तुझ्या नव्या घराचं ऐकून बरं वाटलं. चिऊला बारावीसाठी आशीर्वाद, तिला म्हणावं गणिताला घाबरू नकोस. ऑफिसातल्या त्या माणसाचं काय झालं ते सविस्तर लिही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी ये. उतरायणाच्या आधी नको, तेव्हा सगळे मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांमागे असतात. येताना डोक्याच्या लांबीचे तुझे ते जुने तक्ते आण, इथल्या प्रती भिजून गेल्या. आणि त्या पोराशी तूच बोल. माझं तो ऐकून घेईल, तुझं तो मानेल.

तुझा,
नाना