सौर वादळ छापता, मग वरचं वारं पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

जीपीएस जरा गंडला की हल्ली जो तो म्हणतो सौर वादळ आलं असणार, आणि ही सवय पेपरवाल्यांनीच लावलीय. मे 2024 चं वादळ मोठंच होतं, ते पहिल्या पानावर पाहिजेच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सूर्य गप्प असला तरी आपल्या डोक्यावरचं आयनोस्फिअर, म्हणजे उंचावरचा विद्युतभारित हवेचा थर ज्यातून जीपीएसचे सिग्नल येतात, आज एक उद्या एक असतं, ते का, यावर दोन ओळी कुठं वाचायला मिळत नाहीत.

त्यामागं वारं आहे. साधारण 90 ते 150 किमी उंचीवर हवा विरळ असली तरी वाहता वाहता आयनांना, म्हणजे प्लस भाराच्या कणांना, ढकलत नेते, मायनस भाराचे इलेक्ट्रॉन मात्र पृथ्वीच्या चुंबकीय रेषा सोडत नाहीत, म्हणजे प्लस-मायनस वेगळे पडतात आणि वीज तयार होते, याला डायनॅमोच म्हणतात, सायकलचा असायचा तसाच, फक्त इथं चाक फिरवायला वारं. दिवसा या विजेमुळं चुंबकीय विषुववृत्तावरचा, म्हणजे आपल्याकडं थुंबा-तिरुनेलवेली भागातला, प्लाझ्मा, म्हणजे याच आयन-इलेक्ट्रॉनचं मिश्रण, सेकंदाला 20-30 मीटरनं वर चढतो आणि मग रेषांवरून घसरत पार भोपाळ-अहमदाबादकडं जाऊन साठतो. सांगली-सातारा मधल्या वाटेवर. वारं बदललं की हा सगळा हिशोब बदलला.

आणि हे वारं हलवणारं बरंच काही खालूनच येतं! उन्हानं तापलेली वाफ, ओझोन, उष्ण कटिबंधातला गडगडाटी पाऊस, यातून उठलेल्या लाटा तिथवर पोचतात. जानेवारी 2009 मध्ये उत्तर ध्रुवाकडचं स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे ढगांच्या वरचा हवेचा थर, अचानक तापलं आणि तिकडं चुंबकीय विषुववृत्तावरच्या पेरू देशात प्लाझ्मा सकाळी नेहमीपेक्षा जोरात वर, दुपारी उलटा खाली, आणि सूर्य तेव्हा एकदम शांत होता. नासानं 2019 ला आयकॉन उपग्रह सोडला तो वारं आणि प्लाझ्मा एकाच वेळी मोजायला, 2022 ला त्याचा संपर्क तुटला पण दुपारच्या प्लाझ्माची चाल वाऱ्याशी जुळते हे तेवढ्यात दाखवून गेला.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं 80 ते 100 किमीच्या पट्ट्यातलं वारं मोजायला रडार बसवलंय, मिरजेहून जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण किती जणांना माहितीय? आमच्याकडं आता बांधाची मोजणी रोव्हरवर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवरून जागा दाखवणाऱ्या यंत्रावर, होते, फिक्स म्हणजे नेमकी जागा मिळेना की शेतकरी मोजणीवाल्यावर चिडतो, त्याला झाडं, रेंज अशी दहा कारणं असतात हे खरं, पण त्यात आयनोस्फिअर पण एक आहे.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस मावळल्यावर प्लाझ्मात बुडबुडे, म्हणजे विरळ पोकळ्या, उठायचं प्रमाण वाढतं आणि उपग्रहाचे सिग्नल थरथरतात. त्याच्या आधी एखाद्या रविवारी कोल्हापूरच्या रडारवरच्या संशोधकांना विचारून नीट लेख छापा, ग्रहांची शांती एक आठवडा नाही छापली तरी चालेल.

— एक वाचक, तासगाव, जि. सांगली