बोरा बझारच्या इमारतींना वेळेवर दुरुस्ती मिळू द्या: गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मुंबईतलं फोर्ट म्हटलं की राजाबाई टॉवर, टाउन हॉल, हॉर्निमन सर्कल डोळ्यांसमोर येतं. ओव्हल मैदानाच्या भोवतालच्या गॉथिक आणि आर्ट डेको अशा 94 इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, त्याचा आम्हा फोर्टकरांना अभिमानच आहे. पण मी लिहितेय ते मागच्या फोर्टाबद्दल: बोरा बझार, मोदी स्ट्रीट, बझारगेट. 1803 च्या आगीत इथलं पुष्कळ जळून गेलं, 1860 च्या दशकात तटबंदी पाडली गेली, तरी वस्ती उठली नाही. कुठे बिडाचे नक्षीदार कंस, कुठे कातीव लाकडी सज्जे, कुठे गोलाकार गॅलऱ्या. खाली दुकानं, छापखाने, खाणावळी आणि वर बिऱ्हाडं.

आमच्या इमारतीत जिना चढताना धरायला अजून मधोमध दोर आहे. मजले सागवानी तुळयांवर तोललेत. असं सागवान कोरडं राहिलं तर शंभर वर्षं सहज टिकतं. सडतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण मोरीचं आणि फुटक्या पाइपाचं पाणी तिथेच मुरतं. जाणता सुतार तेवढं टोक कापून नवं लाकूड सांधतो आणि तुळई वाचते. आमच्याकडे आलेल्या ठेकेदारानं अख्खी तुळई काढून गर्डर टाकला, त्यावर काँक्रीट ओतलं आणि गळती होती तशीच ठेवली. आज तो गर्डर गंजतोय आणि जुन्या भिंतीवर आधीपेक्षा जास्त वजन आहे. तळमजल्यावर तात्पुरते म्हणून लावलेले टेकू अजून हललेले नाहीत. लहान मुलं त्यांच्यामधूनच शाळेला जातात.

मंत्रिमहोदय, याचं मूळ नियमात आहे. 1969 च्या कायद्यानं जुन्या इमारतींकडून उपकर घेऊन दुरुस्तीची जबाबदारी सरकारनं अंगावर घेतली, हे मोठंच पाऊल होतं. पण म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्तीला प्रति चौरस मीटर खर्चाची कमाल मर्यादा आहे. चांगलं सागवान आणि चांगला सुतार त्यात बसणं कठीण. मर्यादेपलीकडचा खर्च रहिवाशांवर येतो, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असं ठरतं. मालकाकडे पाहावं, तर पागडी पद्धतीच्या, वर्षानुवर्षं गोठलेल्या भाड्यात त्याला कौलंसुद्धा बदलता येत नाहीत. शिवाय विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळतं ते पाडून बांधणाऱ्याला. वारसा यादीत नसलेली इमारत नीट राखणाऱ्याच्या हातात तसं काहीच पडत नाही. मग राखायचं कुणी?

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. 2020 च्या जुलैमध्ये इथल्याच भानुशाली इमारतीचा भाग कोसळून माणसं गेली. ती भीती आम्ही दर पावसाळ्यात उशाशी घेऊन झोपतो. जी इमारत खरंच संपली आहे ती उतरवा. पण एस्प्लनेड मॅन्शनचं पाहा. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची देशातली सर्वांत जुनी इमारत, 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट दाखवले गेले ती वास्तू. 2005 मध्ये तिची गॅलरी कोसळली आणि 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. मधल्या 14 वर्षांत योग्य दुरुस्ती झाली असती, तर ती वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे. तिच्यासाठी निदान कोर्टात तरी धाव घेतली गेली; बोरा बझारच्या साध्या इमारतींसाठी तर कुणी कोर्टातही जात नाही.

म्हणून मागणी एवढीच: लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतींसाठी खर्चाची मर्यादा वेगळी ठरवा, त्यांचं काम अशा बांधकामाची जाण असलेल्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली द्या आणि आधी गळती थांबवल्याशिवाय बिल मंजूर करू नका. राखलेल्या इमारतीच्या मालकालाही हस्तांतरणीय विकासहक्क (न वापरलेलं चटईक्षेत्र दुसरीकडच्या बांधकामासाठी विकण्याचा हक्क) द्या, म्हणजे पाडण्याची घाई कमी होईल. सुरुवात बोरा बझारपासून करा. पाहणी जूनमध्ये ठेवा, ऐन पावसात, कारण पाणी कुठून शिरतं ते तेव्हाच दिसतं. आम्ही रहिवासी सोबत येऊ आणि एकेक तुळई दाखवू.

आपली नम्र,
बोरा बझार, फोर्ट येथील एक भाडेकरू