'तू' नावाचा अल्बम ऐकून

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. म्हणून पत्र. दिवसभर पोस्टात बसून दुसऱ्यांची पाकिटं मोजणाऱ्या बाईनं स्वतःच्या मुलाला पत्र लिहायचं नाही तर कुणी लिहायचं?

दिवाळीत तू माझ्या फोनवर तो न्यूझीलंडच्या पोरांचा, 'एलियन वेपनरी' नावाच्या मेटल बँडचा अल्बम टाकून गेलास. "आई, हा तुला आवडणार नाही, पण ऐक," म्हणालास. नाव बघून आधी मला हसूच आलं. 'तू'. मला वाटलं माझ्याच लेकानं मला हाक मारलीय. मग कळलं, माओरी म्हणजे तिथले मूळचे लोक, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ उभं राहणं, आणि त्यांचा युद्धाचा देव तूमाताउएंगा, त्याचंही ते लहान नाव.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच दोन मिनिटांत बंद केलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा नुसता मारा. पण रोज एसटीनं येता-जाता पाऊण तास असतो आणि शेजारच्या बाईच्या सुनेच्या गोष्टी मला पाठ झाल्यात, म्हणून परत लावला. पाचव्या-सहाव्या दिवशी माझा पाय हलायला लागला. तार तळहातानं दाबून धरायची आणि वर झोडपायची, हे तू दाखवलं होतंस, ते आता कानाला ओळखू येतं. त्यात मधूनच चार-पाच जण एका दमात ओरडतात. तो 'हाका', माओरींचा पाय आपटत, ओरडत करायचा नाच. आपल्याकडं लेझीम-हलगीला जसं अंगावर येतं तसंच येतं बघ. हलगीच्या घरची मी, मला कुणी ताल शिकवायला नको.

मग मी त्या पोरांची माहिती काढली. (तुझ्या बहिणीनं काढून दिली, खरं सांगायचं तर.) हेन्री आणि लुईस डी याँग, दोघं सख्खे भाऊ. २०१० साली बँड सुरू केला तेव्हा थोरला दहा वर्षांचा आणि धाकटा आठचा. बेसवाला ईथन ट्रेम्बाथ नंतर आला. आणि अल्बम आला २०१८ च्या जूनमध्ये. म्हणजे आठ वर्षं गेली मध्ये! तुमच्या बँडला अजून दीड वर्ष झालं नाही आणि तुम्हाला मेमध्ये अल्बम काढायचाय. तू म्हणशील, तुझ्या खोलीच्या भिंतीवरचे ते मेटॅलिकावाले पहिल्या अल्बमच्या वेळी, १९८३ ला, एकोणीस ते एकवीसचेच होते. असतील. मी 'काढू नका' म्हणत नाहीये. पुढचं वाच.

या दोघा भावांची शाळा माओरीतली होती. रोज सकाळी गाणी आणि हाका म्हणून शाळा सुरू. एके काळी तिकडच्या शाळांमध्ये माओरी बोललं म्हणून पोरांना छड्या बसायच्या. भाषा मरायला टेकली तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी बालवाड्यांपासून परत सुरुवात केली, आणि १९८७ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. त्या बालवाड्यांना ते म्हणतात भाषेचं घरटं. हा शब्द मला फार आवडला.

आता ते गाणं, 'रू आना ते फेनुआ'. जमीन हादरते आहे, असा अर्थ. तौरंगाजवळ पुकेहिनाहिना म्हणून जागा आहे, इंग्रज तिला गेट पा म्हणत. २९ एप्रिल १८६४ ला सुमारे सतराशे इंग्रज सैन्य तिथल्या अडीचशेही नसलेल्या माओरींवर चालून गेलं. दिवसभर तोफा डागल्या. आत कुणी जिवंत नसणार असं समजून सैनिक आत घुसले, तर माणसं खंदकांत दबा धरून बसलेली. इंग्रजांना पळता भुई थोडी झाली. या भावांचा पूर्वज ते आहोआहो त्याच लढाईत पडला. गाणं त्या लढाईचंच आहे. पोरं आपल्या पूर्वजासाठी ओरडतात, ओंकार! मी ते परत परत ऐकलं. त्याच लढाईत हेनी ते किरी कारामू नावाच्या बाईनं जखमी इंग्रज शिपायांना पाणी पाजलं होतं, हे नंतर वाचलं. तिचं गाणं या अल्बममध्ये नाही. असायला हवं होतं, असं माझं मत.

'राउपातू' १८६३ च्या कायद्यावर आहे, ज्यानं त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. 'उरुता' म्हणजे रोगाची साथ. एका जहाजाच्या कप्तानाचं घड्याळ समुद्रात पडलं, पाठोपाठ माणसं आजारी पडून मरायला लागली, माओरींना वाटलं घड्याळात भूत होतं, आणि पुढं त्यांचे आणखी अपमान होत होत १८०९ मध्ये त्यांनी बॉइड नावाच्या जहाजावरच्या लोकांची कत्तल केली. एवढी मोठी गोष्ट एका पडलेल्या घड्याळापासून. इंग्रजीतली गाणी मला तेवढी भिडली नाहीत. एकच सोडून, 'होल्डिंग माय ब्रेथ'. लोकांसमोर जायची धास्ती वाटते, जीव घाबरा होतो, ते. मी फोनवर "कसा आहेस" विचारल्यावर तू "बरा आहे" म्हणतोस ना, त्यात आणि या गाण्यात मला काहीतरी सारखं वाटलं. याचं उत्तर पत्रात दिलंस तरी चालेल.

तुमची तीन गाणी तू ऐकवलीस. वाजवणं चांगलंच आहे, तुझा हात सफाईनं चालतो, हे मी आई म्हणून म्हणत नाही. पण गाणी कशाची? एक अणुयुद्धाचं, एक प्रेतं उठून चालायला लागतात त्याचं, तिसऱ्यात कुणीतरी राजा आहे त्याला मारायचंय. कोण हा राजा? तुला कधी भेटला? त्या धाकट्या लुईसचं ऐकताना मला राहून राहून वाटत होतं, जमीन हादरलेली तर आपल्याकडंही आहे.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. शाळेत तुम्ही एका ओळीत पाठ केलं असेल. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं बसली, आणि धरणाच्या पाण्यामुळं भूकंप होतो का यावर जगभरचे शास्त्रज्ञ अजून कोयनेचं उदाहरण देतात. तुझी आजी तेव्हा चोवीस वर्षांची, तुझा मोठा मामा कडेवर. माझा जन्म त्यानंतरचा. पण फडताळात दोन पितळी तांबे एकमेकांना टेकवून ठेवायचे, ते वाजले की चूल तशीच टाकून अंगणात पळायचं, हे आम्ही सगळी भावंडं चालायच्या आधी शिकलो. तूसुद्धा. लहानपणी रात्री तांबे किणकिणले की तू सगळ्यात आधी दारात असायचास आणि मग मोजायचास, किती वेळ वाजतायत. तुझे बाबा म्हणायचे, हा पोरगा पुढं घड्याळजी होणार.

मराठीतच गा असं मी म्हणत नाही. तुमचा गाणारा मुलगा कोचीचा आहे, त्याला 'फडताळ' म्हणायला लावलंत तर मलाच हसू आवरणार नाही. भूकंपावरच करा असंही नाही. मी फक्त आजीला बोलतं केलं. गेल्या रविवारी तिच्यापुढं फोन ठेवला आणि म्हटलं, त्या रात्रीचं सांग. आधी "आता काय ते" म्हणाली, मग बोलत राहिली. जमिनीतून आवाज कसा आला ते सांगताना शब्द सापडेना, तर तिनं मुठीनं पाटावर ठोकून दाखवलं. दण्ण, दण्ण, मग खूप भरभर, मग एकदम थांबली. त्या थांबण्याला मी घाबरले.

मग मी तिला ते न्यूझीलंडवाल्यांचं गाणं लावून दिलं. डोळे मिटून अख्खं ऐकलं. संपल्यावर विचारते, "या पोरांच्या आज्जीला कळतं का गं हे?" मला सांगता आलं नाही. तू शोधून सांग.

ॲम्प्लिफायरचा मार्चचा हप्ता भरलाय, उरलेले चार तू बघ. पार्सलमध्ये चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी आहे, चटणीचा डबा परत आण. आजीचं बोलणं तुझ्या बहिणीनं पेन ड्राइव्हवर घालून दिलंय. तो चिवड्याच्या पिशवीत, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये आहे, हात घालताना जपून. अकरा मिनिटांचं आहे. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आल्यात, त्या काढता येतात का बघ. पाटावरचं ठोकणं मात्र काढू नकोस.

तुझी,
आई