दिवाळीनंतर मी जावरलाच राहणार आहे

जावर (उदयपूरजवळ), रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई "बरं, तुझं तू बघ" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन बाल्कनीत निघून जातात. म्हणून लिहिते आहे. पत्र तरी बाल्कनीत सोबत नेता येईल.

आधी मुद्द्याचं. इथल्या शिसं-जस्ताच्या खाणीतली नोकरी मी कायमची घेतली आहे, सहीसुद्धा झाली. दिवाळीनंतर नाशकात येऊन राहायचं, वरची खोली रंगवायची, दुकानाचं खातं कॉम्प्युटरवर चढवायचं असं जे ठरलं होतं, ते आता तसं होणार नाही. ताईला परवाच सांगितलं. ती रागावली नाही, म्हणजे चांगलीच रागावली आहे.

घरापासून लांब जायची हौस म्हणून हे केलेलं नाही. माझं शिक्षणच असं आहे की नाशकात राहून त्याचं काही करता येत नाही. आपल्याकडचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो पांडवलेणी कोरायला उत्तम, खडीला उत्तम, पण त्यात शिसं-जस्ताची खाण निघत नाही. इथला खडक त्यापुढे फार म्हातारा आहे, सुमारे 170 कोटी वर्षांचा. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा डोलोमाइट नावाचा खडक झाला आणि त्यात गंधकाशी जोडी जमवून शिसं आणि जस्त बसलं. पुढे अरवलीच्या घड्या पडताना हे थर दुमडले, जागोजागी तडकले आणि धातू सरकून त्या फटींमध्ये गोळा झाला. म्हणून इथे खनिज सरळ चादरीसारखं मिळत नाही. चार हात जाड शीर दिसते आणि पुढच्या वळणाला गायब होते. ती कुठे गेली असेल ते ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दंडगोलांवरून सांगायचं, हे माझं काम. चुकीचं सांगितलं तर शेकडो फूट बोगदा फुकट जातो. इतकं जबाबदारीचं काम मला याआधी कुणी दिलं नव्हतं, बाबा. तुम्ही दुकानाची किल्ली दिलीत तेवढंच.

आणि दुकानापासून मी लांब गेले असं तुम्हाला वाटतंय ना? मग हे वाचा. भांडी बाजारात तुम्ही जन्मभर जे पितळ विकलंत, त्यातला जस्ताचा वाटा ज्यांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर धातू म्हणून वेगळा काढला, ते लोक इथले.

तुम्ही पाठवलेला तो फॉरवर्ड, 'भारतात पाच हजार वर्षांपूर्वी जस्ताचे कारखाने', तो पुढे कुणाला पाठवला नसेल तर बरं. खरी गोष्ट त्याहून चांगली आहे, तिला फुगवायची गरज नाही. खाणकाम जुनं आहेच. जावरमाला टेकडीवरच्या जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडांचं वय सुमारे 2400 वर्षं निघालं. तेव्हा सुरुंगाची दारू नव्हती. दगडाला लाकडं लावून पेटवायचे, तो तापून तडकला की फोडायचा. त्या पोकळ्या आजही आहेत. मी एकीच्या तोंडाशी उभी राहिले तर टोपीवरच्या दिव्याचा उजेड पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला नाही. पण ते लोक तेव्हा बहुधा शिसं आणि चांदी काढत होते. जस्त धातू म्हणून गाळायचे कारखाने तेराव्या-चौदाव्या शतकापासूनचे. या दोन गोष्टी फॉरवर्डवाले एकत्र कालवतात आणि मग आकडा पाच हजारांवर जातो.

जस्ताची गोची अशी की ते 907 अंशांना उकळतं, आणि खनिजातून सुटायला त्याला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे धातू सुटतो तोच वाफ होऊन. भट्टी उघडी असेल तर वाफ हवेत जळते आणि हाती पांढरी पूड येते. म्हणून जगात पितळ होतं तरी जस्त सुटं मिळत नव्हतं. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत, म्हणजे मातीच्या भांड्यात, तापवायचे, वाफ परस्पर तांब्यात मुरायची. त्या रीतीने जस्त 28 टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. तुमचा 60-40 चा (साठ टक्के तांबं, चाळीस टक्के जस्त) पत्रा त्या रीतीने निघालाच नसता.

जावरच्या लोकांनी ती वाफ खाली उतरवली. आई, हे तुझ्यासाठी: त्यांच्या मातीच्या मुशी हुबेहूब वांग्याच्या आकाराच्या आहेत. आत भाजलेलं खनिज, मीठ, शेण असं कालवून केलेल्या गोळ्या भरायच्या. तोंडाला मातीची लांब नळी बसवायची आणि मधोमध एक काडी खोवायची. मग वांगं उलटं, देठ खाली. काडीमुळे गोळ्या खाली पडत नाहीत, आणि ती जळून गेली की तिच्याच जागी वाफेला वाट होते. भट्टी दुमजली, मध्ये भोकांची मातीची जाळी. वरच्या मजल्यावर आग, खालचा थंड. वरून वाफ नळीत उतरायची आणि खाली जस्त होऊन ठिबकायची. एका भट्टीत सहा ओळींत सहा-सहा अशा 36 मुशी, आणि अशा सात भट्ट्या एका रांगेत. म्हणजे एका वेळी 252 वांगी. एका मुशीतून पाव-अर्धा किलो जस्त मिळालं तरी खूप. त्यासाठी केवढी माती मळली असेल आणि केवढं जंगल जाळलं असेल! या भट्ट्यांचं कौतुक करताना जंगलाबद्दल कुणी बोलत नाही, पण आजूबाजूचे उघडे डोंगर बघितले की तेही आठवतं.

या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या त्या 1983 मध्ये. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून खोदकाम केलं होतं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या धातुतज्ज्ञांच्या संस्थेने या जागेला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते 1738 साली, आणि त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवलेली होती. त्याचं नाव राहिलं. इथल्या मुशी वळणाऱ्या एकाही बाईचं किंवा पुरुषाचं नाव राहिलं नाही. वापरलेल्या मुशी मात्र राहिल्या: गावाने त्या विटांसारख्या रचून घरांच्या भिंती केल्या. ओळीने गोल तोंडं दिसतात. बाबांना या भिंती दाखवायच्याच आहेत.

पुढे हे सगळं बंद कसं पडलं ते सांगू की नको? मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी मेवाड पिळून निघालं आणि 1812-13 च्या दुष्काळाने उरलंसुरलं संपवलं. त्यामुळे मेवाडी सहकारी मला जेवायला बसले की चिडवतात, "मराठी लोकांनीच बंद पाडली, आता मराठी मुलगी चालू ठेवायला आली." मी ताटातली मक्याची रोटी खाते आणि गप्प बसते. 1942 मध्ये ब्रह्मदेशातली शिशाची खाण जपान्यांच्या ताब्यात गेली तेव्हा सरकारला जावर पुन्हा आठवलं, आणि 1966 पासून खाण हिंदुस्तान झिंक या कंपनीकडे आहे. हा भाग बाबांना पेपरातून ठाऊक असेलच.

आता आईची भीती. जमिनीखाली बायका कशाला, असं तू विचारलंस. 2019 पर्यंत कायद्यानेच बंदी होती, 1952 चा खाण कायदा. 2019 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी खाली जायची मुभा मिळाली, तीही तेव्हा सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमती घेऊन आणि किमान तिघींच्या गटाने. मी रात्रीची खाली जात नाही आणि एकटीने तर नाहीच. कॉलेजात असताना मी सिन्नरहून रात्री स्कूटरवर यायचे, त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. (ते तुला माहीत नव्हतं. आता झालं.)

दुसरी भीती शिशाची. खाली ड्रिल पाणी सोडत चालतं, धूळ बसते. मास्क असतो, खाणीतले कपडे खाणीतच राहतात, हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, रक्त तपासतात. बाबांनी मला अंजनेरीच्या नाण्यांच्या संग्रहालयात सातवाहनांची शिशाची नाणी दाखवली होती, आठवतं? चांदीची का नाहीत म्हणून मी भोकाड पसरलं होतं. तुम्ही म्हणालात, "राजाकडे होतं ते त्याने दिलं." ज्या चकचकीत जड दगडातून शिसं येतं त्यातच थोडी चांदीही असते. मेवाडच्या राणा लाखाच्या काळात इथे त्या चांदीसाठीच खणत होते. मी तो दगड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तुमचं ते वाक्यच आठवलं, भूशास्त्र वगैरे नंतर.

माझं ठीक चाललंय, खरंच. क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. गीझर आहे, खिडकीला जाळी आहे, शेजारी एक बंगाली कुटुंब आहे, ते मासळीचा वास येईल म्हणून आधीच माफी मागून गेले. तूरडाळ मिळते. गोडा मसाला संपत आलाय, तेवढा ताईबरोबर पाठव. पोह्यांना आपल्यासारखी चव येत नाही, पण तो बहुतेक माझ्या हाताचा दोष. रात्री झोप लागते. तुम्ही दुकानातल्या त्या मोठ्या हंड्यात गोधडी घालून मला निजवायचात आणि बाहेर गिऱ्हाईक घागरी वाजवून बघायचं, तरी मी उठायचे नाही, तसली झोप.

डिसेंबरमध्ये तुम्ही दोघं महिनाभर इकडे या. वांद्र्याहून उदयपूरला थेट गाडी आहे, उदयपूरहून मी न्यायला येईन, ते जेमतेम चाळीस किलोमीटर. राणा कुंभाच्या मुलीने, रमाबाईने, बांधलेलं देऊळ आणि कुंड इथे आहे. आईला पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून मी आधी जाऊन बघून ठेवीन. आवडलं नाही तर आठवड्यात परत जा, मी काही बोलणार नाही.

आणि आता ऐका, दोघंही. यात वाद नको.

बाबा, पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढायला लागलं की माल माडीवर न्यायला तुम्ही हात लावायचा नाही. 2016 ला तुम्ही भरलेली पोती उचललीत आणि मग महिनाभर पाठ धरून बसलात. दोन पोरांशी मी फोनवर बोलून ठेवलंय, पैसे मीच देणार आहे. साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, ताईला नाही, ती घाबरते. दुकानात दुपारी चहाबरोबर जे बिस्किट चालतं ते आईला माहीत नाही असं समजू नका.

आई, माळ्यावर शिडीने चढायचं बंद. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवणारा माणूस गुरुवारी येईल, त्याला "नंतर या" म्हणून परत पाठवू नकोस. मोतीबिंदू लांबवू नकोस. मी त्या आठवड्यात येणारच आहे. आल्यावर तुझ्याशेजारीच झोपेन, पंख्याचा वाद आपण तेव्हा घालू.

दुकान कुणाला द्यायचं हे एवढ्यात ठरवू नका. बंद करायचं म्हटलंत तरी मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण त्यासाठी ते चालू ठेवू नका.

तुमची,
छकुली

ता. क. मोतीबिंदूची तारीख मिळाली की आधी मला कळवा, मग बाकीच्यांना. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.